रविवारी बीपी तपासणी, सगळ्यांनी यायचंच!

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी 7 ते 10 आपल्या विश्रामबागच्या सोसायटी हॉलमध्ये बीपी चेकअप ठेवलंय, फ्री आहे, 18 वर्षांपुढच्या सगळ्यांनी यायचं. "मला काय झालंय, मी ठणठणीत आहे" असं म्हणून घरी बसू नका कारण बीपीला बहुतेकदा काही लक्षणंच नसतात, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत 15 वर्षांवरच्या पुरुषांत 24 टक्के आणि बायकांत 21 टक्के लोकांना हाय बीपी निघालंय, म्हणजे चार-पाच जणांत एक, आपल्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी असणारच.

- आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, सिगरेट काही नको
- लघवीला जाऊन या, बाही सैल असू दे
- जिना चढून आल्या आल्या मोजणार नाही, 5 मिनिटं शांत बसायचं, बोलायचं पण नाही
- गोळी चालू असेल तर नेहमीसारखी घ्या, मुद्दाम चुकवू नका प्लीज, जुनी फाईल आणा

140/90 किंवा वर आलं तर घाबरायचं नाही, पण डॉक्टरांना दाखवून परत मोजून घ्यायचं. वहिनी, काकू, तुम्ही सगळ्यांचं आवरून मग येऊ म्हणता आणि राहून जातं, यावेळी आधी तुम्ही या. नाव शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका.