गोळीचे नाव स्ट्रिपवर राहू द्या

महोदय,

औषधाची रिअ‍ॅक्शन घेऊन रुग्ण आला की पहिला प्रश्न असतो, 'गोळी कोणती घेतली?' उत्तर मिळते, 'पांढरी, लांबट.' खिशातून निघतो तो स्ट्रिपचा कापलेला तुकडा. नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर, तो मेडिकलमध्येच. बिल मागण्याची सवय कुणालाच नाही.

जुलाबांवरची ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडॅझोल ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे, तरी ती सर्रास मिळते. काहींना ती घेतल्यावर ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर गोल, जांभळट-लाल डाग उठतो, आग होते, कधी मधोमध फोड येतो. डाग बसला तरी काळसर खूण राहते. पुन्हा तेच औषध पोटात गेले की काही तासांत नेमकी तीच जागा पेटते, शिवाय नवे डाग वाढतात. हे फिक्स्ड ड्रग इरप्शन. रुग्ण मात्र उष्णता म्हणून सोडून देतो, नाहीतर गजकर्णाचे मलम चोळतो. डाग गुप्तांगावर असला तर लाजेपोटी दाखवतच नाही. पुढच्या खेपेला कंपनी बदलते, आत ऑर्निडॅझोलच असते. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल त्याच कुळातली. त्यांचाही त्रास होऊ शकतो.

हा प्रकार सहसा जिवावर बेतत नाही. बेततो तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे कातडी आणि तोंड-डोळ्यांचे आतले अस्तर सोलून निघणारी औषधाची रिअ‍ॅक्शन. फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सल्फाची को-ट्रायमॉक्साझोल आणि युरिक अ‍ॅसिडसाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल ही त्यातली नेहमीची नावे. (सांध्यांना काही त्रास नाही, फक्त रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसला म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करणे आम्हाला पटत नाही.) गोळी सुरू केल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड येते, कातडी खाजण्यापेक्षा दुखते. फोडांची वाट पाहू नये. संशयित औषध थांबवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. फिटची गोळी बंद करून घरी बसलात तर फिट येऊ शकते. बदली औषध डॉक्टरच देतील. कार्बामाझेपिनची रिअ‍ॅक्शन आली तर फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोनही टाळावे लागते. फोड फोडू नयेत. चिकटपट्टी लावू नये, काढताना कातडी सोलून येते. डोळे पहिल्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाने पाहायला हवेत, नाहीतर पापण्या आतून चिकटून नजर जाऊ शकते.

गल्लीतले 'रिअ‍ॅक्शनचे इंजेक्शन' बहुधा स्टेरॉइडचे असते. पुरळ दोन दिवस दबते, गोळी तशीच चालू राहते.

उशिरा येणारा प्रकारही आहे: दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत-काखेत गाठी, यकृताला इजा. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये याच कारणाने सावध केले होते.

केमिस्ट बांधवांना विनंती, स्ट्रिप कापताना नावाचा भाग गिऱ्हाइकाला द्या. जमत नसेल तर पुडीवर घटकाचे नाव लिहा. रिअ‍ॅक्शन आलेल्यांनी ब्रँडचे नव्हे, घटकाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि कुठल्याही दवाखान्यात, दंतवैद्याकडेसुद्धा, आधी तो कागद दाखवावा. याच आयोगाच्या 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर रिअ‍ॅक्शनची नोंद रुग्णालाही करता येते. तिथेही पहिल्यांदा औषधाचेच नाव विचारतात.

— एक त्वचारोगतज्ज्ञ, सोलापूर