नकाशा नवा झाला, पण 'निपाणी' नीट उमटते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायत, देवस्थान, सहकारी संस्था, साखर कारखाना, शाळा यांच्यासाठी संकेतस्थळावरचे नकाशे करून देणारी मुले-मुली आता आपल्या सीमाभागातही पुष्कळ आहेत. त्यांच्यातले बहुतेक जण लीफलेट किंवा मॅपलिब्रे यांपैकी एक साधन वापरतात. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींचा कोड खुला आहे. मॅपलिब्रेची पाचवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, तर लीफलेट २.० ची अल्फा आवृत्ती मे २०२५ मध्ये. नव्या आवृत्तीत काय आहे हे सगळे सांगतात. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीच्या नकाशाला त्यातले काय उपयोगी आहे आणि काय अंगावर येते, हे मात्र मराठीत कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

मॅपलिब्रे ५ मधली सर्वात गाजलेली सोय म्हणजे गोल पृथ्वी. प्रोजेक्शन 'ग्लोब' केले की सपाट नकाशाचा गोळा होतो. दिसायला सुंदर आहे आणि भूगोलाच्या तासाला उत्तमच आहे. पण साधारण बाराव्या झूमपर्यंत आत गेले की हा गोळा आपोआप पुन्हा सपाट होतो. गाव, शिवार, पाणंद दाखवायची तर आपण त्याच्याही आत असतो. म्हणजे पंचायतीच्या नकाशासाठी या सोयीचा उपयोग जवळजवळ शून्य.

उपयोगाची सोय वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पाचव्या मालिकेत 'ग्लोबल-स्टेट' नावाचे एक्स्प्रेशन (नकाशाच्या मांडणीत लिहायचे सूत्र) आले. पूर्वी नकाशावर मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन बटणे ठेवायची तर नावे दाखवणाऱ्या प्रत्येक थराची मांडणी एकेक करून बदलावी लागे. गावे, नद्या, रस्ते, वाड्या असे दहा थर असले की दहा ठिकाणी बदल, आणि त्यातला एखादा हमखास राहून जाई. आता भाषेची एकच किंमत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे थर बदलतात. दोन लिप्यांत जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला याहून कामाची सोय नाही. मात्र नाव उचलताना 'कोअलेस' (यादीतली पहिली भरलेली किंमत घेणारे सूत्र) लावून क्रम द्या: आधी मराठी नाव, ते नसेल तर कन्नड, तेही नसेल तर मूळ नाव. हा क्रम दिला नाही तर ज्या वाडीचे मराठी नाव कोणी भरलेले नाही, ती वाडी नकाशावर निनावी राहते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. लीफलेटवर चाललेला नकाशा मॅपलिब्रेवर नेला की मराठी अक्षरे मोडू शकतात. 'निपाणी' लिहिताना संगणक आधी 'न' साठवतो आणि मग वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी 'न'च्या आधी दिसायला हवी. ही अदलाबदल, जोडाक्षरे बांधणे, रफार वर चढवणे ही कामे ब्राउझर स्वतः करतो. लीफलेटमधली नावे ब्राउझरच लिहितो, म्हणून ती शुद्ध येतात. ओपनलेयर्स या तिसऱ्या साधनातही आडवी नावे ब्राउझरच्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या पाटीवर) उमटतात, म्हणून तीही बरोबर. मॅपलिब्रेची तयार ग्लिफची, म्हणजे अक्षरचित्रांची, पद्धत निराळी आहे. सर्व्हरवरून एकेका अक्षराचे चित्र येते आणि ती चित्रे साठवलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी ठेवली जातात. मग 'निपाणी'ची पहिली वेलांटी 'न'ला सोडून 'प'ला जाऊन चिकटते. 'मार्कंडेय' नदीचा रफार चढत नाही, पाय मोडलेला 'र' तसाच राहतो. 'घटप्रभा'तला 'प्र' फुटतो. कन्नडात तर ओत्तक्षर (जोडाक्षरातले दुसरे अक्षर) खाली जायचे ते ओळीतच राहते, त्यामुळे 'हुक्केरी' कन्नड वाचकालाही वाचवत नाही.

इथे फसगत होते ती चाचणीत. करणारा 'बेळगाव' आणि 'खानापूर' बघतो. या दोन नावांत ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. ती बऱ्यापैकी नीट दिसतात आणि नकाशा पुढे जातो. चाचणी घ्यायची तर चिकोडी, येळ्ळूर, संकेश्वर, मार्कंडेय आणि घटप्रभा या पाच नावांवर घ्या. आवृत्ती बदलली की पुन्हा घ्या, कारण अक्षरांच्या बाबतीत प्रकल्पात काम चालू असते आणि आवृत्तीगणिक फरक पडतो.

नावे मोडून न येता अजिबातच येत नसतील, तर दोष वेगळा आहे. ही अक्षरे २५६-२५६ च्या गठ्ठ्यांत येतात. देवनागरीचा गठ्ठा २३०४ ते २५५९, कन्नडचा ३०७२ ते ३३२७. ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत या आकड्यांच्या फाइलपुढे ४०४ (फाइल सापडली नाही) दिसले, तर तुमच्या फॉन्टच्या सर्व्हरवर ती लिपीच नाही. फॉन्ट बदला, कोडमध्ये शोधत बसू नका.

मोडलेल्या अक्षरांवर दोन उपाय आहेत. नावे शंभर-दोनशेच असतील तर प्रत्येक नाव साधा एचटीएमएल मार्कर म्हणून ठेवा. ते ब्राउझर लिहील आणि शुद्ध लिहील. पण असे मार्कर एकमेकांना ओळखत नाहीत. झूम बाहेर नेला की हिंडलगा, उचगाव आणि कडोली एकावर एक चढतात, आणि संख्या हजारावर गेली की फोनवर नकाशा अडखळतो.

दुसरा उपाय थोडा कष्टाचा, पण आमच्या मते तोच खरा. नावाचेच चित्र करायचे. थराला मजकूर द्यायचा नाही, 'आयकॉन-इमेज'मध्ये गावाचे नाव द्यायचे. त्या नावाचे चित्र नाही असे दिसले की मॅपलिब्रे 'स्टाइल-इमेज-मिसिंग' ही घटना पाठवते. ती पकडून एका कॅनव्हासवर ब्राउझरकडून नाव लिहून घ्यायचे आणि 'अ‍ॅड-इमेज'ने नकाशाला द्यायचे. आयकॉन एकमेकांना टाळतात, त्यामुळे नावे एकमेकांवर चढत नाहीत. यात तीन ठिकाणी चुकते. पहिले, फॉन्ट उतरण्याआधी चित्र काढले तर ते भलत्याच फॉन्टमध्ये निघते आणि तसेच राहते. म्हणून नकाशा उभा करण्याआधीच फॉन्ट मागवा, आणि मागवताना नमुन्याचा मजकूर देवनागरीत द्या. वेबफॉन्ट लिपीनुसार तुकड्यांत येतात. नमुना दिला नाही तर रोमन तुकडा उतरतो, देवनागरी मागेच राहतो. दुसरे, कॅनव्हासची उंची फॉन्टच्या आकड्यावरून ठरवली तर वरची मात्रा नाहीतर खालचा उकार कापला जातो. उंची 'मेझर-टेक्स्ट'ने सांगितलेल्या प्रत्यक्ष वरच्या-खालच्या मापांवरून काढा आणि भोवतीच्या पांढऱ्या कडेसाठी चार-पाच पिक्सेल जास्त धरा. तिसरे, चित्र दुप्पट घनतेने काढून 'पिक्सेल-रेशो' २ दिला नाही तर फोनवर अक्षरे धूसर येतात. २०० बाय ६० पिक्सेलचे एक नाव ४८ हजार बाइट घेते. तीनशे नावांना १४ एमबीच्या आसपास लागतात, ते चालते. हजार नावांना ४८ एमबी, ते साध्या फोनला जड. म्हणून वाड्यांची नावे अकराव्या झूमनंतरच उघडा.

जुना कोड तसाच ठेवून मॅपलिब्रे बदलणाऱ्यांना एक अडचण हटकून येते: ठिपक्यांच्या पुंजक्यावर बोट ठेवले तरी नकाशा आत जात नाही. चौथ्या आवृत्तीपासून कॉलबॅक (काम झाल्यावर बोलावण्यासाठी दिलेले फंक्शन) गेले आणि प्रॉमिस (उत्तर नंतर हाती देणारी वस्तू) आले. जुन्या पद्धतीने दिलेले फंक्शन कोणी बोलावतच नाही, आणि चूकही दाखवली जात नाही. पुंजक्याचा झूम विचारणाऱ्या ओळीपुढे 'अवेट' लावा. चित्र उतरवणाऱ्या ओळीचेही तेच. पीएमटाइल्स या प्रकारची, सगळा नकाशा सामावणारी एकच फाइल ठेवून नकाशा चालवणाऱ्यांनी त्या लायब्ररीचीही त्याच काळातली आवृत्ती घ्यावी, कारण 'अ‍ॅड-प्रोटोकॉल'ची रीतही तेव्हाच बदलली. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जेमतेम असते. तिथे ही एका फाइलची पद्धत फार सोयीची, फक्त सर्व्हरने फाइलचा तुकडा-तुकडा देण्याची विनंती मानली पाहिजे.

लीफलेट २ बद्दल आमचे मत स्पष्ट आहे: पंचायतीच्या चालू नकाशावर ती आज घालू नका. तिच्यात 'एल' हे सर्वांच्या सवयीचे नाव मुख्य फाइलमधून गेले आहे. 'एल-डॉट-मार्कर' लिहायचे तिथे आता 'न्यू मार्कर' लिहावे लागते. पुंजके करणारी, शेताची हद्द आखणारी जुनी प्लगइन (वरून जोडायची साधने) याच 'एल'ला लटकलेली आहेत. ती चालणार नाहीत. माउस आणि स्पर्शाच्या वेगवेगळ्या घटनांऐवजी आता पॉइंटर-घटना आहेत. हा बदल चांगला आहे, बोटाने आखताना त्याचा फायदा होईल, पण प्लगइन तयार होईपर्यंत थांबा. आणि आजच एक काम करा. पानात लीफलेटचा दुवा आवृत्तीविना दिला असेल तर त्यात १.९.४ हा आकडा घाला. नाहीतर २.० पक्की जाहीर होईल त्या दिवशी तुम्ही काही न करताही नकाशाच्या जागी पांढरा चौकोन दिसेल, आणि गावचे लोक फोन करतील ते तुम्हाला.

लीफलेटकडून मॅपलिब्रेकडे जाताना अक्षांश-रेखांशाचा क्रमही उलटतो. लीफलेटला आधी अक्षांश हवा, मॅपलिब्रेला आणि जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकाराला आधी रेखांश. बेळगाव १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व. हे आकडे उलटे पडले की बेळगाव नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात सापडते. नकाशावर ठिपके 'आलेच नाहीत' असे वाटले तर आधी झूम बाहेर घेऊन तिकडे बघा.

ऊसनोंदीसाठी क्षेत्र काढणाऱ्यांनी पुढचा मुद्दा सोडू नये, कारण इथे शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे. वेबनकाशे ३८५७ क्रमांकाच्या मर्केटर प्रक्षेपात (प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करण्याच्या रीतीत) असतात. विषुववृत्तापासून दूर जावे तसे त्यात क्षेत्र फुगते. आपल्या अक्षांशावर ही फुगवटी आठ टक्क्यांहून अधिक भरते. म्हणजे ४० गुंठ्यांचा एकर ४३ गुंठ्यांच्या पुढे जातो. डोळ्याला हे कळत नाही, कारण आकार तोच दिसतो. डेटाबेसमध्ये ३८५७ च्या आकृतीवर थेट क्षेत्र काढले, किंवा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच प्रक्षेपातल्या थरावर लंबगोलाचा हिशेब न धरणारे सूत्र वापरले, की ही चूक होते. क्षेत्रासाठी थर ३२६४३ मध्ये, म्हणजे पृथ्वीच्या एका उभ्या पट्ट्यापुरत्या यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपात न्या. आपला जिल्हा त्या पट्ट्यात येतो आणि बेळगावच्या आसपास चूक एकरामागे ३०-३५ चौरस फुटांवर येते. ब्राउझरमध्येच काढायचे असेल तर टर्फ या लायब्ररीचे क्षेत्र-फंक्शन वापरा, ते गोलाचा हिशेब धरते. तरीही पडद्यावर आखलेली हद्द म्हणजे मोजणी नव्हे. ही ओळ नकाशाच्या पायाशी मराठीत आणि कन्नडात, ठळक अक्षरांत असलीच पाहिजे.

शेवटचा मुद्दा नावांच्या भांडाराचा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर गावाच्या मूळ नावाशेजारी मराठी आणि कन्नड नावांसाठी स्वतंत्र खण आहेत, 'नेम' पुढे अपूर्णविराम देऊन 'एमआर' आणि 'केएन'. आपल्या परिसरातले मराठी खण भरायला कोणाची परवानगी लागत नाही, खाते उघडले की पुरे. मूळ नावाला हात लावू नका, त्यावरून नुसते खोडाखोडीचे वाद होतात. मराठी खणात गावकरी लिहितात तसे नाव लिहा: 'येळ्ळूर'मध्ये दोन्ही 'ळ', 'हिंडलगा'वर अनुस्वार. दुसऱ्या संकेतस्थळावरच्या नकाशातून नावे उतरवून घेऊ नका, परवान्याच्या दृष्टीने ते चालत नाही. गावातली पाटी आणि गावातला माणूस, या दोन ठिकाणांहून घ्या.

आपले,
वेबनकाशांचे काम करणारे काही वाचक,
बेळगाव–खानापूर