सगळी डीयूबी एका माळेचे मणी नाहीत

सांगली, रविवार

प्रिय मनू,

तू पाठवलेल्या सेमिनारच्या स्लाइड्स नीट वाचल्या, आई म्हणाली फोनवरच सांगा की, पण फोनवर असलं सगळं सांगताना अर्ध राहून जातं म्हणून लिहूनच पाठवतोय.

स्लाइड्स छान झाल्यात गं. फक्त शेवटी तू लिहिलंयस ना की डीयूबी एन्झाइम्स (म्हणजे प्रोटीनला लागलेल्या युबिक्विटिनच्या साखळ्या काढणारी) कॅन्सर वाढवतात म्हणून त्यांना इनहिबिट करायचं, म्हणजे अडवायचं, ते मला अजिबात पटलं नाही. माणसात साधारण 100 डीयूबी आहेत, त्यातलं कुठलं, कुठल्या प्रोटीनवरनं, कसली साखळी काढतंय हे बघितल्याशिवाय चांगलं का वाईट ठरवताच येत नाही.

आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याला चिठ्ठी लागते आणि त्यावरनं पोतं कुठं जाणार ते ठरतं, तसं युबिक्विटिनचं आहे बघ. 76 अमिनो आम्लांचं एवढंसं प्रोटीन, पण दुसऱ्या प्रोटीनला त्याची के48 ची साखळी (के48, के63, एम1 म्हणजे युबिक्विटिन एकमेकांना कुठल्या जागी जोडलंय ते) लागली की ते प्रोटीन बहुतेक वेळा प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रात, जाऊन तुटतं (2004 चं केमिस्ट्रीचं नोबेल याच कामाला मिळालं), आणि के63 ची किंवा सरळ एम1 ची लागली की तुटत नाही, उलट तिथं सिग्नल पुढं नेणारी प्रोटीन्स गोळा होतात. डीयूबी या साखळ्या काढतात. म्हणजे एक डीयूबी प्रोटीनला वाचवतं आणि दुसरं सिग्नल थांबवतं, दोन्ही कामं एकदम वेगळी.

ए20 या डीयूबीला तू एकच ओळ दिलीयस, त्याला निदान दोन स्लाइड्स दे. टीएनएफ हा सुजेचा निरोप आला की पेशीतल्या आरआयपीके1 या प्रोटीनवर साखळ्या चढतात, एनएफ-कप्पा-बी हे जीन चालू करणारं प्रोटीन जागं होतं आणि सूज सुरू होते, आणि हेच एनएफ-कप्पा-बी ए20 चा जीन पण चालू करतं, म्हणजे सूज सुरू होतानाच तिला थांबवायची सोय झालेली असते. मला तर हे अजूनही फार सुंदर वाटतं. 2000 साली ए20 नसलेले उंदीर तयार केले तर ते अंगभर सूज येऊन लहानपणीच मेले. 2016 मध्ये ज्यांच्यात या जीनची एकच कॉपी बिघडलीय अशी माणसं सापडली, लहान वयातच तोंडात फोड, ताप. आणि एक प्रश्न तुला नक्की येईल, तयारी ठेव: ए20 चा नुसता डीयूबी भाग निकामी केलेले उंदीर मात्र बरेचसे ठणठणीत राहतात, कारण ए20 साखळीला नुसतं चिकटून बसलं तरी सिग्नल बराचसा अडतो.

एम1 साखळी काढणारं ओट्युलिन पण घे. ते बिघडलेल्या बाळांना टीएनएफ अडवणाऱ्या औषधानं आराम पडला, म्हणजे मिरजेच्या आत्याला सांध्यांसाठी देतात त्याच जातीचं औषध.

आता कॅन्सर. बी-सेल लिम्फोमांमध्ये (बी पेशींच्या कॅन्सरमध्ये) ए20 बऱ्याचदा हरवलेलंच असतं, सीवायएलडी हे डीयूबी बिघडलं की डोक्याच्या कातडीवर गाठी येतात, बीएपी1 हे डीयूबी गेलं की मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या वगैरे आवरणाचा कॅन्सर) आणि डोळ्यातल्या मेलॅनोमाचा धोका वाढतो. ही सगळी कॅन्सरला आवरणारी, यांना इनहिबिट करून कसं चालेल? यूएसपी7 या डीयूबीची गोष्ट वेगळी, ते एमडीएम2 या प्रोटीनला वाचवतं आणि एमडीएम2 कॅन्सर रोखणाऱ्या पी53 या प्रोटीनला संपवतं, म्हणून तिथं इनहिबिटर द्यायला अर्थ आहे. त्यातही 2002 मध्ये पहिल्यांदा कळलं ते असं की यूएसपी7 पी53 ला वाचवतं, एमडीएम2 चं नंतर कळलं, हा घोळ स्लाइडवर दाखवच, लपवू नकोस, विषय खरा तिथंच आहे.

तर शेवटची स्लाइड काढ आणि ए20 नि यूएसपी7 शेजारी शेजारी ठेव, एकाला का अडवायचं नाही आणि दुसऱ्याला का अडवायचं ते तुझ्या शब्दात लिही. झालं की मला पाठव, रात्री कितीही वाजू देत, मी बघून ठेवतो. आणि जेवण वेळेवर कर गं.

तुझे पप्पा