गॅस भरणे म्हणजे एसीची दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवाहू ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारा केंद्र सरकारचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांना लागू झाला, ही चालकांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. मात्र तो साडेतीन टनांवरील वाहनांपुरताच आहे. गोव्यात भाजी, मासळी आणि चतुर्थीच्या दिवसांत माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे) सामान वाहणाऱ्या जुन्या पिकअप त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या मालकांना मे महिन्याच्या उकाड्यात केबिन गार हवी असेल, तर पदरचे पैसे मोडूनच एसी चालू करून घ्यावा लागतो, आणि तो करून देण्याच्या आपल्याकडील पद्धतीविषयीच हे पत्र आहे.

एसी गार करत नाही असे सांगितले की ‘गॅस संपला असेल, भरून देतो’ हे उत्तर ठरलेले असते. वास्तविक एसीतील गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो इतका कमी झाला असेल, तर कुठून तरी गळत आहे. गॅसबरोबर कंप्रेसरचे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचे, तेलही बाहेर येते व त्यावर धूळ बसून जोडापाशी काळपट, चिकट डाग पडतो. माझ्या पिकअपमध्ये असा डाग कंप्रेसरकडून येणाऱ्या रबरी नळीच्या टोकाशी, बोट लावताच तेल लागेल इतका स्पष्ट होता. तरीही ज्या गॅरेजात गाडी दिली, तिथे तो कोणी पाहिला नाही. दाब मोजणारा मीटर लावला, सिलिंडर जोडला आणि पैसे घेतले. पावसाळा लागण्यापूर्वीच केबिन पुन्हा तापू लागली.

मालीम किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीवर रोज जाणाऱ्या गाड्यांचे हाल तर विचारायलाच नकोत. खाऱ्या हवेने रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) ॲल्युमिनियमच्या पात्या व नळ्या खराब होतात. तिथे बारीक छिद्र पडले असेल, तर कितीही वेळा भरलेला गॅस टिकणार नाही.

दुसरी हयगय व्हॅक्यूमच्या, म्हणजे गॅस भरण्याआधी नळ्यांतील हवा ओढून काढण्याच्या बाबतीत होते, आणि आपल्या दमट हवेत ती अधिक महाग पडते. एकदा नळी उघडली की हवेबरोबर ओलावा आत शिरतो. पंप लावून आतील दाब इतका खाली आणावा लागतो की हा ओलावा नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने निघून जावा. त्यासाठी पंप निदान अर्धा तास तरी चालला पाहिजे, आणि तो बंद केल्यावर मीटरचा काटा जागच्या जागी राहतो की सरकतो हेही पाहिले पाहिजे. ओलावा आतच राहिला, तर गॅसचा दाब एकदम उतरवून तो गार करणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेत त्याचा बर्फ होतो: एसी काही वेळ गार हवा देतो, मग गार करायचा थांबतो, आणि गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू लागतो. नळ्या उघडल्यावर ओलावा शोषणाऱ्या ड्रायरची बाटली बदलायची असते ती यासाठीच. पण ‘चालते अजून’ म्हणून तीच परत बसवली जाते.

नव्वदच्या दशकाच्या आरंभीच्या गाड्यांत तर एसीसाठी आर-१२ नावाचा वायू असे. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार तो बाद झाला. त्याच्यासोबतचे खनिज तेल त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए या वायूत नीट मिसळत नाही, त्यामुळे जुने तेल तसेच ठेवून नवा गॅस भरल्यास कंप्रेसरला वंगण पोहोचत नाही व तो जाम होतो. जोडांतील ओ-रिंगही (गळती रोखणारी रबरी कडी) बदलाव्या लागतात. स्वस्तात पडते म्हणून कोणी स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील मिश्रण भरू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. केबिनची हवा गार करणारी कुलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि ती गळली तर गॅस थेट केबिनमध्ये येतो.

आर-१३४एने ओझोनला इजा होत नसली, तरी उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. तो नटबोल्ट सैल करून हवेत सोडून देण्याची सवय म्हणूनच मोडली पाहिजे. गॅस ओढून साठवणारे यंत्र लहान गॅरेजवाल्यांना परवडत नाही, हे मान्य. राज्य सरकारने त्यासाठी अनुदान द्यावे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून काम करत्या फिटरांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग घ्यावेत. तोवर गाडीमालकांनी गळती कुठे सापडली आणि वजनकाट्यावर तोलून किती ग्रॅम गॅस भरला, हे बिलावर लिहून मागावे व ते लिहून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपला,
एक पिकअपमालक, म्हापसा