मशीन राहू द्या, आधी कार्ड तरी द्या

संपादक साहेब, नमस्कार. परभणीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय म्हणून नवजात बाळांच्या जन्मजात आजारांच्या रक्ततपासणीबद्दल हे लिहावंसं वाटलं.

आपल्या मराठवाड्यात मामाच्या पोरीशी लग्न अजून सर्रास लागतं. त्याला नावं ठेवत नाही, पण दोघांकडं एकच बिघडलेलं जीन असलं तर दर बाळंतपणात बाळाला जन्मजात आजार होण्याचा 25 टक्के धोका असतो, आणि हे नात्याबाहेरच्या लग्नातही होऊ शकतं बरं का. लेकरू जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं, चार-पाच दिवसांनी दूध ओढायचं बंद करतं, सुस्त पडतं, मग इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू. एमएसयूडी नावाच्या आजारात लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो, रक्तात ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही अमिनो आम्लं चढलेली असतात, पण ती मोजलीच नाहीत तर कळणार कसं?

आता तपासणीचं. प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पातळ पिवळसर भागाची, पक्की टेस्ट करायची तर दूध पाजून तीन-चार तासांनी रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या ट्यूबमध्ये रक्त घ्या, लगेच मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करा, गोठवा आणि बर्फात पाठवा. मे महिन्यात आमच्याकडं सॅम्पल तसंच पडून राहिलं की त्यातली अमिनो आम्लं बदलतात, ग्लुटामिन घटतं, ग्लुटामेट वाढतं, मग रिपोर्ट येतो खरा पण डॉक्टरनं त्यावर काय ठरवायचं!

म्हणून माझं म्हणणं, जिल्ह्या-जिल्ह्यात अमिनो आम्लं मोजायची महागडी मशीन मागत बसू नका, फिल्टर पेपरचं कार्ड द्या. जन्मानंतर 24 ते 72 तासांत टाचेला टोचून रक्ताचे थेंब त्या कार्डावर घ्यायचे, सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं, सिलिकाच्या पुडीसकट पाकिटात घालून पाठवायचं, बर्फ लागत नाही. अमेरिकेत गथ्री नावाच्या डॉक्टरनं 1960च्या दशकातच ही पद्धत आणली, गोवा सरकारनं 2008 साली नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. कार्डावर संशय आला तर मग प्लाझ्मा करावाच लागतो, पण तेव्हा कमीत कमी कुणाचा करायचा ते माहीत असतं.

आणि निदान झालं की काम संपलं असं नाही. पीकेयू म्हणजे फिनाईलअलॅनिन हे अमिनो आम्ल अंगात साठत जाण्याचा आजार, त्याच्या लेकराला दूध, डाळ, अगदी भाकरीसुद्धा मोजून, बाकी प्रोटीन स्पेशल पावडरमधून. रक्तातलं फिनाईलअलॅनिन लिटरमागं 120 ते 360 मायक्रोमोलच्या मधे ठेवायचं, जास्त झालं तर मेंदूला मार आणि फारच उतरलं तर वाढ खुंटते, तान्ह्या बाळाचं तर दर आठवड्याला बघावं लागतं. हिंगोलीच्या तांड्यावरची बाई दर आठवड्याला मुंबई-पुण्याला जाणार का हो? तिच्या हातात कार्ड द्या, आशाताई थेंब घेतील, पोस्टानं जाईल, आकडा फोनवर सांगा आणि पावडर किती घालायची तेही त्याच फोनवर सांगा.

सुरुवात संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात कार्ड गोळा करण्याचं एक केंद्र काढून करता येईल. फक्त रिपोर्ट वाईट आला तर कागद पाठवून वाट बघू नका, एमएसयूडीच्या लेकराला तेवढे दिवस नसतात.

— एक लॅबवाला, परभणी