मिस्त्रीमामा, तेरा नंबरच्या पान्याबद्दल आभार

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला मी दोनदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात येऊन गेले. दोन्ही वेळा तुम्ही वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरलीत आणि ठिणग्या उडवायला लागलात. ठिणग्यांपुढे कोण बोलणार? म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवील. तिला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

माझी जीप तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. जुनी महिंद्रा, एमएम ५४०, प्युजोचं डिझेल इंजिन. मूळची कापडी हूडाची. आधीच्या मालकाने पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली आणि तिन्ही दारं कुठल्याशा गॅरेजात ठोकून घेतली. मागच्या भागाला खिडकी नाही, आणि पुढच्या सीटमागे आडवी जाळी, म्हणजे औषधांच्या पेट्या उसळून डोक्यात येऊ नयेत. पुढच्या दारांना सरकत्या काचा. काच बोटाने सरकवायची, आत हात घालायचा, खिटी ओढायची, दार उघडं. चावी होती, पण ती फक्त इंजिनाला. मी गगनबावड्याच्या बाजूला वाड्यावस्त्यांवर जनावरं बघत फिरते. तिकडे कोण काय चोरणार, असं माझंच म्हणणं होतं.

मग एका सकाळी आइसबॉक्स गेला. त्यात एका दूध संस्थेने मागवलेली लाळ-खुरकुताची लस होती, पन्नास जनावरांपुरती. ही लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. गरम झाली की गेली आणि गोठली तरी गेलीच. बाटल्या दुपारी ओढ्याच्या कडेला सापडल्या, सगळ्या सीलबंद, उन्हात तापलेल्या. चोराला बॉक्स हवा होता, मासे ठेवायला असणार. बाटल्या त्याने एका ओळीत नीट मांडून ठेवल्या होत्या. याचा मला आजही जास्त राग येतो.

त्या रागातच मी हार्डवेअरच्या दुकानातून तीन कडी-कोयंडे, तीन कुलपं आणि स्क्रूची पुडी घेऊन तुमच्याकडे आले. म्हटलं, मामा, एवढं मारून द्या, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही काही न बोलता भंगारातला पत्र्याचा तुकडा घेतलात, त्यावर माझा कोयंडा माझ्याच स्क्रूंनी बसवलात आणि फटीत स्क्रूड्रायव्हर घालून मनगट फिरवलंत. टक्. चारही स्क्रू पत्र्याला भोकं पाडून बाहेर.

"कुलूप चांगलं हाय वो डॉक्टर," तुम्ही म्हणालात. "चोर ते कुलूप तसंच लावलेलं घरी घिऊन जाईल."

अर्ध्या तासाचं काम दोन दिवस चाललं. मी स्टुलावर बसून बघत होते. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण जुन्या जिप्सी नि जीपवाले मला सारखं विचारतात, काय केलंस दारांना.

दाराचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यात स्क्रू धरतच नाही. म्हणून तुम्ही पाच मिलिमीटरची पट्टी कापून स्वतः कड्या बनवल्यात, दहाच्या सळईचे कोयंडे वाकवलेत, आणि दाराच्या आतून तळहाताएवढी तीन मिलिमीटरची प्लेट टाकलीत. म्हणजे बाहेरून कुणी ओढलं तर जोर चार भोकांवर न येता अख्ख्या प्लेटवर येतो. बोल्ट घेतलेत गोल डोक्याचे, डोक्याखाली चौकोनी मान असलेले. बाहेरून पाना लावायला त्याला कोपराच नाही. ती मान बसावी म्हणून गोल भोकं कानशीने घासून चौकोनी केलीत, बारा भोकं, एकेक करून. आतून वायसर आणि नायलॉक नट. घाटाच्या हादऱ्यांनी साधे नट महिन्यात सुटले असते.

भोकांच्या कडांना रेड ऑक्साइड लावलंत. कडीखाली सायकलच्या ट्यूबचं पॅकिंग दिलंत, नाहीतर गगनबावड्याच्या पावसात तिथूनच गंज धरतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजली होती. मी सांगितलेलं नसतानाही तुम्ही ती तारेने मोकळी केलीत.

मागच्या दाराची बिजागरी बाहेरून आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "पीन ठोकून काढली की दार या अंगानं उघडतंय, तुमचं कुलूप त्या अंगाला लटकत ऱ्हातंय," असं म्हणत तुम्ही पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एकेक टिपका मारलात.

आणि खूण करायची तुमची ती पद्धत! मी फूटपट्टी घेऊन उभी. तुम्ही दार लावलंत, गुडघ्याने आत रेटलंत, बीडिंगचं रबर दबल्यावर मग खडूने रेघ मारलीत. रबर न दाबता माप घेतलं असतं तर कुलूप लावल्यावरही दार सैल राहून खडखडलं असतं.

कुलपं मात्र तुम्ही परत करायला लावलीत. एकाच किल्लीची तीन आणा, कडी जाड असलेली आणि बॉडीत जास्तीत जास्त झाकलेली, म्हणजे कटरचा जबडा शिरायला जागा नको. तेल घालायचं नाही, धुळीचा चिखल होतो. पेन्सिलीचं शिसं किसून घालायचं. ते मी दर महिन्याला करते. आमचा कंपाउंडर त्याला कुलपांचं लसीकरण म्हणतो.

इथपर्यंतचं काम चांगला कारागीर मिळाला तर दुसऱ्या कुणीही केलं असतं. बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आलेल्यापुढे यातलं काहीच टिकणार नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. पत्र लिहायचं खरं कारण त्यानंतरचं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं असं वाटून मी पाकीट काढलं, तर तुम्ही जीपच्या मागच्या भागात जाऊन बसलात आणि दार ओढून घेतलंत. बराच वेळ आत नुसतेच बसून राहिलात. बाहेर आलात ते थेट पट्टी उलटी करायला. आधी ती वरून खाली कोयंड्यावर पडत होती. तुम्ही तिची बिजागरी फिरवून अशी केलीत की मोकळी सोडली की पट्टी कोयंड्यापासून लांब पडते. "खड्ड्यात आपटून आपोआप बसली, तर आतला मानूस काय करंल?" आणि मग आतल्या बाजूला, दारालगत, एका क्लिपमध्ये तेरा नंबरचा पाना अडकवलात.

मी हसले होते, मामा. म्हटलं, मागे मी औषधं ठेवते, माणसं नाही. तुम्ही म्हणालात, "असू दे की. खातोय व्हय तो?"

जुलैत एका धनगरवाड्यावर अडलेली म्हैस होती. रेडकू आडवं. रात्री अकराला सुटली, पण वार, म्हणजे रेडकामागची झिल्ली, पडायची होती. कंपाउंडर गोठ्याशेजारीच आडवा झाला. मी म्हटलं, तासभर पाठ टेकते, म्हणून जीपच्या मागच्या बाकड्यावर जाऊन झोपले आणि दार नुसतं ओढून घेतलं. वारा सुटला होता, पाऊस तर बोलायलाच नको. घरातल्या आजोबांनी पाहिलं, डॉक्टरांच्या गाडीचं दार धडधडतंय, आत पाणी जाईल. त्यांना वाटलं मी घरात बायकांजवळ आहे. त्यांनी पट्टी कोयंड्यावर बसवली आणि त्यात बांबूची खुंटी घट्ट ठोकली. किती प्रेमाने!

जाग आली तेव्हा काळोख. दार ढकललं, हलेना. हाका मारल्या, पत्र्यावरच्या पावसात माझ्या मलाच ऐकू येईनात. पुढे जाळी, खिडकी नाही. मी घाबरट नाही, पण त्या पहिल्या दोन मिनिटांत मी दारावर लाथा मारल्या, हे कबूल करते. मग हात चाचपडत क्लिपवर गेला.

नट फिरवायला लागले आणि तेव्हा कुठे मला ती चौकोनी मान कळली. मला वाटत होतं ती चोरासाठी आहे. एरवी नट फिरवला की बोल्टही सोबत गरगर फिरतो, बाहेरून डोकं धरायला दुसरा माणूस लागतो. इथे बोल्ट जागेवर गप्प, नट सुटत होता. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक नट काढून मी ओठांत धरला, अंधारात पडला तर सापडणार कुठे? मग पान्याच्या मागच्या बाजूने बोल्ट एकेक करून बाहेर ठोकले, कडी सुटून कोयंड्याला लोंबली, दार उघडलं आणि पाऊस तोंडावर आला.

वार पहाटे पडली. आजोबांना मी काही सांगितलं नाही. खुंटी फक्त काढून त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "बरी ठोकली हुती का न्हाई?" बरी ठोकली होती.

ऑगस्टमध्ये एका बाजाराच्या गावी मागच्या कोयंड्याभोवती रंग खरवडलेला दिसला, पहारीसारख्या कशाने तरी. आतला बर्फ शाबूत, लस शाबूत. पण मामा, हे मला तुम्हाला सांगायचं म्हणून सांगतेय, त्याचं मला फार वाटलं नाही. तुम्ही आत जाऊन बसला होतात, ते मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

माझ्याकडून तुम्ही साडेआठशे रुपये घेतलेत, पट्टी नि बोल्टांचे. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, पुतणीची म्हैस भाकड गेलीय, ती बघा. ती मी बघितली. आता गाभण आहे, चौथा महिना लागलाय, म्हणजे मजुरी फिटली असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही.

मागचं दार थोडं बसलंय, पट्टी कोयंड्याला खालून घासते. दसऱ्याच्या आत एक दिवस घेऊन येते. यावेळी काच डोळ्यांपुढे धरायच्या आधी पैसे हातात घ्यायचे. आणि पाना त्या क्लिपमध्येच आहे, कंपाउंडरने एकदा पंक्चर काढायला नेला होता, त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तुमची,
गगनबावड्याकडची डॉक्टर