मंत्रिमहोदय, पुस्तकाची प्रत वाचकाच्या हाती द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते. गाव गगनबावडा तालुक्यात. विद्यापीठे आपल्याच खात्याकडे आणि ग्रंथालय संचालनालयही, म्हणून हे पत्र आपल्याला.

देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली आमच्या कोल्हापूर संस्थानात झाला, मद्रासच्याही तीन वर्षे आधी. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे. अशा गावात शिकताना एक गोष्ट फार खुपते.

केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके. विद्यापीठात बसून मी ती वाचते आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. पण योजना सरकारी संस्थांपुरती. खासगी संस्थेच्या महाविद्यालयात एम. ए. करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तोच लेख उघडत नाही. गावच्या वाचनालयात येणाऱ्या शिक्षकाला नाही, उसावरच्या रोगाची माहिती शोधणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. पैसा तर या सगळ्यांचाच. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला हे लेख वाचता यावेत, असा आग्रह आपण केंद्राकडे धरावा.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात प्रशासनाच्या आदेशाने इंटरनेट बंद झाले, तेव्हा मी पदवीला होते. टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका, पुस्तके, सगळे ऑनलाइन ठेवलेले. घरातल्या फळीवरची दोन पुस्तके तेवढी वाचता आली. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचा आदेश जाहीर करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले आहे. त्याआधी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. गृहखाते आपल्याकडे नाही, पण मंत्रिमंडळात विद्यार्थ्यांची बाजू आपणच मांडायची.

त्या दिवसांपासून मला वाटते, की वाचकाला पडद्यावर पुस्तक नुसते दाखवून भागत नाही. प्रत त्याच्याजवळ राहिली पाहिजे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. अशी कितीतरी मराठी पुस्तके, मासिके आपल्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांत आहेत आणि त्यांचे कागद पिवळे पडून तुटताहेत. ती स्कॅन करा. मात्र पानांचे नुसते फोटो काढून थांबू नका. फोटोत शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीनरीडर तो वाचू शकत नाही. यंत्र अक्षरे ओळखते, पण जुन्या टायपातली जोडाक्षरे चुकवते. तिथे माणूसच लागतो. तयार फाईल कुणालाही उतरवून घेता यावी. त्यासाठी मोबाइल नंबर, ओटीपी मागू नये, आणि कोण काय वाचतो याची नोंद तर मुळीच ठेवू नये. चांगला ग्रंथपाल ती गोष्ट कुणाला सांगत नाही. एकेक संच प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयातल्या संगणकावरही ठेवा, म्हणजे नेट गेले तरी वाचन थांबणार नाही.

मुद्रितशोधनाला माणसे कुठून आणायची, ही अडचण असेल तर दिवाळीच्या सुट्टीत मी गावच्या वाचनालयात बसून रोज वीस पाने तपासून देईन. वर्गातल्या आणखी काही जणींशी बोलले आहे, त्याही तयार आहेत.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर